मुळ्या बघायला गिरमिट घेतलं, काळ्या रानातला एक वर्षाचा अनुभव (पाचपैकी साडेतीन)

आधीच सांगतो, हे सुताराचं गिरमिट नाही, माती काढायचं आहे. वर आडवा दांडा, खाली नळी, नळीच्या टोकाला दोन वाकवलेली पाती. फिरवत फिरवत जमिनीत घालायचं आणि ओढलं की पात्यात माती धरून वर येते. माती परीक्षणवाले वापरतात तसलंच, फक्त माझं जोडदांड्याचं आहे, अडीच फुटाचा एक दांडा आणि त्याला तेवढाच दुसरा जोडायचा, म्हणजे पाच फुटापर्यंत जाता येतं. ३४०० ला पडलं आणि कुरिअरचे २८० वेगळे.

घ्यायचं कारण म्हणजे आमचं वरचं रान. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आमची ११ एकर आहे, निम्मी खाली ओढ्याकडं आणि निम्मी वर माळाच्या बाजूनं, दोन्ही काळीच. पण ऑगस्टात पावसानं आठ-दहा दिवस दडी मारली की वरचं सोयाबीन दुपारी पानं टाकतं आणि खालचं आपलं उभं. आम्ही काय काय नाही केलं, बियाणं बदललं, ३३५ झालं, परभणीचं ७१ झालं, फुले संगम झालं, अण्णा (थोरला भाऊ) म्हणायचा पोटॅश कमी पडतंय, दुकानदार म्हणायचा हे टॉनिक मारा ते टॉनिक मारा. दादा, म्हणजे आमचे वडील, एवढंच म्हणायचे की "वर काय बघायलाव, खाली बघा". पुतण्या लातूरच्या कृषी महाविद्यालयात शिकतो, त्यानं आजोबाची री ओढली, काका मुळ्या कुठपर्यंत गेल्यात ते बघू. मग मोबाईलवर शोधून मागवलं.

आता दुकानाबद्दल. नाव घेत नाही, ऑनलाईन आहे, आपल्याकडचं नाही. पार्सल आलं त्यात जोडदांडाच नव्हता. फोन केला तर "सर चेक करून सांगतो", असं करत करत तीन आठवडे घालवले. आला तेव्हा त्याच्या आट्याला पोचा होता, बसेचना. शेवटी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं आट्या काढून आरपार भोक पाडलं आणि पिन-बोल्ट टाकून दिला, ३०० रुपये घेतले, आणि खरं सांगू का हे आट्यापेक्षा बरं झालं, कारण काळी चिकट माती आट्यात एकदा घुसली की पान्ह्याशिवाय सुटत नाही. घेणार असाल तर आधीच पिनवालं आहे का विचारा. अर्धा स्टार इथं गेला.

पहिला प्रयोग मे महिन्यात केला, येडेपणा होता. मे मध्ये आमची काळी म्हणजे नुसत्या भेगा, हात कोपरापर्यंत आत जातो, आणि भेगांच्या मधलं ढेकूळ दगडासारखं. गिरमिट चार बोटं गेलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. अण्णा बांधावर बसून हसायलाला, ३४०० ची खुरपी घेतली म्हणून. दुसरा प्रयोग जुलैत, चांगला पाऊस पडून गेल्यावर, तर उलटं झालं, लोण्यात सुरी गेल्यासारखं सरसर गेलं आणि मग निघेचना. खाली चिकण माती पात्याला अशी चिकटून धरते की दोघांनी ओढून पण येईना, शेवटी टॉमी लावून काढलं आणि माझी कंबर दोन दिवस धरली.

म्हणजे काय, तर वाफसा, माती ओलसर पण हाताला चिकटत नाही ती वेळ. पेरणीला जसा वाफसा बघतो तसाच याला बघायचा. वाफशावर हे गिरमिट खरंच मस्त चालतं. आणि हाव करायची नाही, दोन ते तीन पूर्ण वेढे द्यायचे, चार इंच गेलं की थांबायचं, उलटा अर्धा वेढा देऊन माती खालून सोडवायची आणि मगच वर ओढायचं. पाती अरुंद आहेत का ते पण बघा, रुंद पात्याचं वाळूसाठी असतं, आपल्या चिकणीत त्यात माती अशी गच्च बसते की काढायलाच दहा मिनिटं. माझं नशिबानं अरुंद निघालं. दांड्यावर चार-चार इंचावर ऑइल पेंटच्या रेघा मी स्वतः मारल्या, कंपनीनं मारायला पाहिजे होत्या, ३४०० घेता राव.

मुळ्या मोजायची पद्धत पुतण्यानं शिकवली आणि ती इतकी साधी आहे की मला पटलीच नव्हती. बारदाना अंथरायचा, वर आलेला मातीचा प्रत्येक गोळा ओळीनं त्याच्यावर मांडायचा, वरचा इकडं, खालचा तिकडं. मग गोळा दोन्ही हातात धरून मधोमध मोडायचा, कापायचा नाही, मोडायचा. मोडलेल्या दोन्ही तोंडावर मुळ्यांची टोकं बाहेर आलेली दिसतात, ती मोजायची. प्रयोगशाळेत हेच पाण्यानं धुऊन, चाळून, नीट लांबी काढून करतात, पण शेतकऱ्याला तोंडावरची टोकं पुरतात. पांढरी, ओढली तर जराशी ताणणारी ती जिवंत. तपकिरी आणि चट्कन तुटणारी ती मेलेली, बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या पिकाची. हा फरक आधी कळला नव्हता आणि पहिल्या दिवशी मी मागच्या हरभऱ्याच्या मुळ्या पण सोयाबीनच्या खात्यात टाकल्या.

आणि एक भोक झाडाच्या बुडाशी, एक दोन ओळींच्या मधी, एवढं तर करायलाच पाहिजे, बुडाशीच बघितलं तर सगळंच रान भारी वाटतं.

आता मुद्द्याचं, काय दिसलं.

ऑगस्टात फुलोऱ्यावर वरच्या रानात १४ भोकं घेतली. पहिल्या दोन गोळ्यात, म्हणजे आठ इंचापर्यंत, मुळ्याच मुळ्या, मोजता मोजता कंटाळा आला, गाठी पण चांगल्या, फोडल्या तर आतून गुलाबी (गुलाबी असली म्हणजे गाठ काम करायली, हवेतला नत्र धरायली). तिसऱ्या गोळ्याला गिरमिट जड लागलं, आणि तो गोळा मोडला तर तोंडावर तीन-चार टोकं. चौथ्यात एक. पाचव्यात काहीच नाही, आणि माती मात्र ओली! हातात दाबली तर लाडू वळायला. म्हणजे वर पीक पाण्यावाचून माना टाकायलं आणि त्याच्या खाली वीतभर अंतरावर ओल पडून आहे. दादांना ती माती हातात दिली, त्यांनी वळून बघितली, काही बोलले नाहीत, गोळा खिशात टाकून घरी नेला.

खालच्या रानात तोच दिवस, तेच बियाणं, तर टोकं अडीच फुटापर्यंत सापडली, कमी कमी होत गेली पण सापडली.

कारण काय तर वरच्या रानाला रस्ता जवळ, म्हणून ट्रॅक्टर तिथं जास्त चालतो. सात-आठ वर्षं झाली रोटाव्हेटर मारायलो आम्ही, वरची पाच-सहा इंच माती एकदम पिठासारखी दिसते, बघणाऱ्याला वाटतं काय मशागत आहे. पण रोटाव्हेटर तेवढंच खोल जातो, वर्षानुवर्षं त्याच खोलीवर पाती घासतात, वरून ट्रॅक्टरचं वजन, आणि ओल्यात मारला तर विचारूच नका. खाली तवा तयार होतो. हार्ड पॅन म्हणतात तो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते म्हणून हा थर आपोआप फुटतो असं आम्ही धरून चाललो होतो, थोडा फुटतो पण, पण आम्ही दरवर्षी नवीन घालायलो त्याला काय करणार.

रात्री पुतण्यानं वहीत हिशोब केला तो सांगतो, ढोबळ आहे पण डोळे उघडले. भारी काळी माती एक मीटर खोलीत साधारण १५० ते २०० मिलिमीटर असं पाणी धरते जे पिकाला ओढता येतं. आमच्या सोयाबीनची मुळी नऊ इंचात अडकली, म्हणजे २२-२३ सेंटीमीटर, म्हणजे तिच्या वाट्याला ४० मिलिमीटरच्या आसपास. ऑगस्टात ऊन पडलं की भरलेलं सोयाबीन दिवसाला ५ मिलिमीटर तरी उडवतं. चाळीस भागिले पाच, आठ दिवस. बरोब्बर आठव्या-दहाव्या दिवशी आमचं पीक पानं टाकतं! आणि खाली अडीच फुटाला हेच तीन आठवड्याच्या वर जातं. आम्ही पाच-सहा वर्षं बियाण्याला आणि पोटॅशला शिव्या घालायलो होतो.

एफएओचा (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९९८ चा एक तक्ता आहे सिंचनवाले वापरतात तो, त्यात सोयाबीनची मुळी ६० सेंटीमीटर ते १.३ मीटर धरलीय, हरभरा ६० सेंटीमीटर ते १ मीटर, कापूस १ ते १.७ मीटर, ज्वारी १ ते २ मीटर, कांदा ३० ते ६० सेंटीमीटर, ऊस १.२ ते २ मीटर. हे आकडे वाचून खुश होऊ नका, हे वाट मोकळी असल्यावरचे आहेत. आमचं सोयाबीन त्या तक्त्यातल्या कांद्यापेक्षाही उथळ बसलं होतं.

तूर मात्र बाई वेगळीच. सोयाबीनमधी बीडीएन ७११ चे पट्टे होते, डिसेंबरात शेंगा भरताना तुरीच्या बुडाशी गिरमिट घातलं, त्याच वरच्या रानात. तवा तिलाही लागला असणार, पण गेली. तीन फूट, टोकं. चार फूट, टोकं. पाच फुटाला माझा दांडा संपला तरी शेवटच्या गोळ्यात दोन पांढऱ्या मुळ्या. म्हणजे तुरीची मुळी किती खोल जाते ते हे गिरमिट सांगूच शकत नाही, फक्त पाच फुटाच्या पुढं जाते एवढं सांगतं. आणि एक गंमत, वरच्या रानात एक-दोन भोकात सोयाबीनची मुळी तव्याच्या खाली सापडली होती, कशी काय म्हणून बारीक बघितलं तर ती जुन्या तुरीच्या कुजलेल्या मुळीच्या पोकळीतून उतरली होती. मागच्या सालच्या तुरीनं वाट पाडून ठेवली, ही आयती गेली. सोयाबीन-तूर घ्या म्हणून जुनी माणसं मागं लागायची ती फक्त डाळीसाठी नाही म्हणायची.

रब्बीत मालदांडी बघितली खालच्या रानात. ज्वारीला सोटमूळ नाही, तंतुमुळ्या, चार फुटापर्यंत मिळाल्या. पण इथं गिरमिटाचा कमीपणा कळला. टोकं एका गोळ्यात वीस आणि शेजारच्याच भोकात शून्य. दोन वेळा केलं तरी तसंच. मला वाटलं मोजायला चुकतोय.

मग खड्डा घेतला. गावात विहिरीच्या कामाला जेसीबी आला होता, त्याला तासाचे १२०० देऊन वरच्या आणि खालच्या रानात एक-एक पाच फूट खोल चर मारून घेतला, एक बाजू उतरती ठेवायला लावली. उभ्या भिंतीला खुरप्यानं आणि टोच्यानं माती टोकरत बसलो आणि तेव्हा खरं चित्र दिसलं. खालची काळी माती मोठ्या ढेकळांची बनलेली असते, ती फुगते आणि आकसते तशी ढेकळं एकमेकावर घासतात, त्यांची अंगं चकचकीत होतात, शहाबादी फरशी पुसल्यासारखी. ज्वारीच्या मुळ्या ढेकळाच्या आत जात नाहीत, त्या चकचकीत अंगावरून पसरतात, दोन ढेकळांच्या फटीत दाबून चपट्या झालेल्या, वहीत ठेवलेल्या पिंपळपानासारख्या. गिरमिट फटीत गेलं की वीस टोकं, ढेकळात गेलं की शून्य. मी चुकत नव्हतो.

आणि वरच्या रानाच्या चरात तव्यावर सोयाबीनचे जुने सोटमूळ दिसले, सरळ खाली आलेले आणि नऊ इंचावर काटकोनात वळलेले, इंग्रजी एल. हे गिरमिटानं जन्मात दिसलं नसतं. गिरमिट आकडा देतं, वळण दाखवत नाही.

पुतण्या सांगत होता अमेरिकेत नेब्रास्काला जॉन वीव्हर म्हणून प्राध्यापक होते, शंभर वर्षापूर्वी ते असेच चर खणून, मुळ्या टोकरून मोकळ्या करून, मापात कागदावर उतरवायचे. जेसीबी नसताना. मी एका भिंतीला अर्धा दिवस बसलो तर मान वर होईना.

(चरात उतरताना सांभाळा. काळी माती ओली असली की भिंत न सांगता बसते. एकट्यानं उतरू नका, पोरांना तर अजिबात नको, आणि काम झालं की त्याच दिवशी बुजवा, आमच्याकडं शेजाऱ्याचं वासरू पडता पडता वाचलं.)

मग गिरमिट घ्यायचं का चर मारायचा? मला विचाराल तर आधी एक चर, मग गिरमिट. चर एका जागचं सगळं दाखवतो पण ११ एकरात किती चर मारणार, पिकाचं नुकसान वेगळं. चर बघून डोळा तयार झाला की मग गिरमिटाच्या गोळ्यातलं कळायला लागतं. वरच्या रानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात गिरमिट दोन फुटाला कर्रकर्र वाजलं आणि पात्यात पिवळा मुरूम आला, चार जागी तेच. त्या कोपऱ्यात तूर दरवर्षी वाळते, आम्ही मर रोग म्हणून दरवर्षी औषध ओतायचो. मर नसेलच असं म्हणत नाही, पण दोन फुटाखाली मुरूम असताना तूर खुश कशी राहणार. तो कोपरा शोधायला जेसीबी लावला असता तर पाच-सहा हजार गेले असते, गिरमिटानं एका सकाळीत झालं. अर्धा स्टार परत.

आईनं पण तिच्या परसातल्या कांद्यात घालून बघायला लावलं. फुटाच्या खाली काही नाही. "मग मी रोज पाणी देते ते बरोबर ना" म्हणाली. रोज नको पण थोडं-थोडं आणि लवकर-लवकर बरोबर आहे म्हणलं. मुळी किती खोल आहे ते बघून पाणी द्यायचं, उसाला पाटपाणी सोडणाऱ्या शेजाऱ्याला हेच दाखवायचं होतं, तो बांधावरून हात हलवून निघून गेला.

चुनखडी पण कळते याच्यानं. खालच्या रानात तीन फुटापासून पांढरे खडे यायला लागले, त्यावर लिंबू पिळलं की फसफसतं. मुळ्या तिथून कमी होतात असं मला वाटलं, पण चार भोकावरून पैज लावणार नाही.

कमी काय ते एकदा सांगतो. आडव्या दांड्याला रबर नाही, दहा भोकात तळहाताला फोड, मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पात्याचं लोखंड मऊ आहे, मुरमात चार भोकं घेतली तर धार गेली, कानशीनं घासावी लागते. एकट्या माणसानं तीन फुटाच्या खाली जाऊ नये, दोघं पाहिजेत, त्यातला एक तरुण. आणि बॉक्समधी माहितीचा कागद इंग्रजी-हिंदीत, त्यात वाफशाचा शब्दसुद्धा नाही. ज्याच्याकडं एक-दोन एकर हलकी जमीन आहे त्यानं घेऊच नये, मुरूम फूटभरावर लागतो, टिकाव घेऊन बघितलं तरी चालतं. गटानं मिळून एक घेतलं तर सगळ्यात भारी, वर्षात वापर होतो पंधरा-वीस दिवस.

आम्ही एप्रिलात वरच्या रानात निम्म्याला सबसॉयलर (खालचा तवा फोडायचा खोल नांगर) मारला, माती कोरडी ठणठणीत असताना, निम्मं तसंच ठेवलं, आणि रोटाव्हेटर यंदा त्या रानात घातलाच नाही, अण्णाला हे पटलेलं नाही, तो म्हणतो ढेकळात पेरणी कशी होणार. पेरणी झाली, थोडी उगवण मागंपुढं झाली. ऑगस्टात दोन्हीकडं भोकं घेऊन टोकं मोजणार, आकडे इथंच टाकीन, अण्णा जिंकला तर ते पण टाकीन.

करडईचं भोक तेवढं राहिलंय. तिच्या काट्यात शिरायला पूर्ण बाह्यांचा सदरा पाहिजे आणि पाच फूट दांडा पुरणार नाही. तिसरा दांडा दुकानातून मागवायची हिंमत होईना, फॅब्रिकेशनवाल्याला माप देऊन ठेवलंय.